बाणाचा बाक

परळ-लालबागच्या चाळीत बाणाची काडी सरळ आहे का हे पाहायला कॅरमबोर्डापेक्षा चांगलं साधन सापडणं कठीण. आतली खेळायची जागा ७४ सेंटिमीटरच्या आसपास असते, त्यामुळे २८ इंची, अजून पिसं न चिकटवलेली काडी चौकटीच्या आत जेमतेम मावते. पावडर मात्र आधी फडक्याने पुसून घ्यायची, नाहीतर काडी लोळण्याऐवजी नुसती घसरते. मग तळव्याने हलकं ढकलायचं आणि कान द्यायचा. सरळ काडी एकसुरी आवाज करत पलीकडच्या कडेला जाऊन टेकते. बाक असलेली काडी दर फेऱ्याला एकदा अडखळते, ‘टक’ करते आणि शेवटी बाक आडवा टाकून निजते. कितीही वेळा ढकला, त्याच कुशीवर. या ‘टक’ला सगळेच बिचकतात. नवशिका तर ती काडी लगेच बाजूला फेकतो. पारंपरिक धनुष्याची जुळणी करणं, म्हणजे दोरीची उंची, बाण दोरीवर बसतो ती जागा आणि काडीचा ताठपणा एकमेकांशी बसवणं, हे काम सतत करताना माझं मत असं होत गेलं आहे की हे बिचकणं निम्मंच बरोबर आहे. जुळणीची परीक्षा घेताना बाण सरळ असलाच पाहिजे. जुळणी झाल्यावर, पिसं लावून मारायच्या बाणाला मात्र तोच बाक बऱ्याच अंशी माफ असतो. या दोन गरजा एकच समजल्या जातात, म्हणून चांगल्या काड्या केरात जातात आणि फसलेली जुळणी चांगली म्हणून खपून जाते.

सरळपणाचा एवढा दरारा का, हे समजण्यासारखं आहे. आपल्याकडे बाण करणारा कारागीर पुराणात शिरला तोच मुळी सरळपणाच्या वाटेने. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूताचे जे २४ गुरू सांगितले आहेत त्यांत एक शरकार आहे. बाणाच्या कामात तो इतका गढून गेलेला की शेजारून राजाची स्वारी गेली तरी त्याला पत्ता नाही. एकनाथांनी १५७३ साली काशीत पुरं केलेलं भागवत गिरगावातल्या ज्या घरांमध्ये चातुर्मासात वाचलं जातं, तिथे हा कारागीर आजही ओळखीचा आहे. धम्मपदात शहाणा माणूस चित्त सरळ करतो ते बाण करणारा बाण सरळ करतो तसं. महाजनक जातकातला कारागीर तर प्रत्यक्ष काम करतानाच दिसतो: निखाऱ्यांवर काडी तापवतो, कांजीने ओली करतो, एक डोळा मिटतो आणि दुसऱ्याने रोखून बघत ती सरळ करतो. ज्याने स्वतः बोरू किंवा बांबूची काडी तापवून सरळ केली आहे त्याला हे वर्णन अगदी खरं वाटेल, कारण पद्धत आजही तीच आहे, फक्त निखाऱ्यांच्या जागी गॅसची शेगडी आली. पण या साऱ्या दाखल्यांत बाण कारागिराच्या हातात आहे. तो दोरीवर चढल्यानंतर काय होतं, यावर कोणी बोलत नाही. आणि ज्या काडीवर हे संस्कार होत होते तिचंही भान ठेवायला हवं. ‘शर’ हे बाणाचं नाव आहे आणि ज्या बोरूसारख्या गवतापासून बाण व्हायचे त्या गवताचंही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात बाणांच्या यादीत वेणू आणि शर आधी येतात, लोखंडी नाराच शेवटी. बेटातून तोडून आणलेला वेळू पेऱ्यापेऱ्याला दिशा बदलतो. त्याचा बाक मिलिमीटरचा नसतो, बोटभर असतो. तो काढल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. त्या बोटभर बाकासाठी घेतलेले कष्ट दाखवून आज कोणी केसाएवढ्या बाकाची काडी नाकारत असेल, तर दाखला चुकीच्या जागी वापरला जातो आहे.

सरळपणाच्या या दराऱ्यामागचा दुसरा संस्कार परळ-लालबागचा स्वतःचा. १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी ताडदेवला पहिल्या गिरणीची कंपनी काढली, तेव्हापासून पुढची सव्वाशे वर्षं इथल्या हातांना लोखंडाचा सरळपणा पारखायची सवय लागली. त्रासन खात्यात, म्हणजे सूतकताईच्या खात्यात, चाती हा सगळ्यांचा जीव की प्राण. मिनिटाला दहा हजारांच्या घरात फेरे घेणारी ती पोलादी काडी जरा वाकली की थरथरते, बॉबीन डोलतं, सुताचा फुगा एका बाजूला ओढला जातो आणि धागा तुटत राहतो. १९८२च्या गिरणी संपानंतर गिरण्या थंडावत गेल्या, तरी ती नजर गल्लीबोळांतल्या लेथवर टिकून राहिली. इथला फिटर कुठलीही दांडी हातात घेतली की आधी बोटांवर फिरवून ती ‘रन’ होते का, हे बघतो. बाणाची काडीही तो तशीच बघतो आणि वाकडी निघाली की मान हलवतो. चातीच्या बाबतीत त्याचं काहीच चुकत नाही. पण चाती आपल्या घरात बसवलेली असते, तिचा फिरण्याचा आस बाहेरून ठरलेला असतो, आणि जे त्या आसापासून सरकलं ते फेऱ्यागणिक आपटणार. बाणाला असं घर नाही. दोरी सोडली की तो स्वतःच्या वजनाच्या मध्याभोवती, स्वतःला सोयीच्या आसावर फिरायला मोकळा असतो. त्याची तुलना करायचीच तर साचेखात्यातल्या, म्हणजे विणकामाच्या खात्यातल्या, धोट्याशी करावी. धोटाही एका टोकाला फटका खाऊन मिनिटाला दीड-पावणेदोनशे वेळा मोकळा धावतो. तो उडून बाहेर पडू लागला की जाणता जॉबर आधी फटका देणारा पिकर, पेटी आणि फणी यांची रेघ तपासतो, धोट्याची लाकडी अंगलट नंतर. फटका तिरका बसत असेल तर नवा कोरा धोटाही उडणारच.

आता दोरीवर काय घडतं ते पाहू, कारण सगळा वाद तिथेच मिटतो. पारंपरिक धनुष्याला मधोमध खाच नसते; बाण मुठीच्या अंगाला टेकून बसतो. मूठ २५ मिलिमीटर रुंद आणि काडी ८ मिलिमीटर जाड धरली, तर बाणाचा मध्य धनुष्याच्या मध्यरेषेपासून साडेसोळा मिलिमीटर बाजूला असतो. दोरी आणि मूठ यांतलं अंतर सात इंच म्हणजे साधारण १७८ मिलिमीटर. हिशेब केला तर दोरी विसाव्याच्या जागेवर येते तेव्हा बाणाचं तोंड नेमापासून पाच अंशांहून जास्त बाजूला वळलेलं असायला हवं. बाण खरोखर ताठ आणि निर्विकार असता तर तो त्याच बाजूला गेला असता. तो जात नाही, कारण तो वाकतो. बोटांवरून सुटताना दोरी थोडी बाजूला सरकते, मागून ढकललं जाणारं शेपूट आणि पुढचं जड टोक यांच्यात काडी दबते, आधी मुठीच्या अंगाला पोट काढते, मग उलट बाजूला, आणि अशी सापासारखी वळत मुठीला वळसा घालून निघून जाते. अमेरिकेत क्लॅरेन्स हिकमन यांनी १९३०च्या दशकात अतिवेगवान कॅमेऱ्याने हे टिपलं, आणि ते चित्रण पाहिलेल्या माणसाच्या मनात ‘सरळ बाण’ हा शब्द पूर्वीसारखा राहत नाही. काडीच्या ताठपणाचं रूढ मापही याच वाकण्याचं माप आहे: २६ इंचांवरच्या दोन टेकूंवर काडी ठेवायची, मधोमध दोन पौंडांचं वजन टांगायचं आणि ती किती झुकते ते इंचांत मोजायचं. २६ला त्या आकड्याने भागलं की किती पौंडांच्या धनुष्याला काडी चालेल ते कळतं, ०.६५ इंच झुकली तर ४० पौंड, ०.५२ झुकली तर ५०. यातला पुढचा आकडा लक्षात ठेवण्यासारखा. ५० पौंडांची काडी या तपासणीत १३ मिलिमीटर झुकते. दुकानात मिळणाऱ्या कार्बन बाणांच्या प्रतींमध्ये सगळ्यात स्वस्त समजली जाणारी प्रत सरळपणात एका इंचाच्या सहा हजारांश भागाची असते, म्हणजे ०.१५ मिलिमीटर. हे त्या झुकण्याच्या ऐंशीव्या हिश्शाहूनही कमी आहे. दोन काड्यांच्या ताठपणात दहा पौंडांचा फरक असेल, तर वरच्याच हिशेबाने झुकण्यात ०.१३ इंचांचा, तीन मिलिमीटरहून जास्त फरक पडतो. ज्याने काड्या ताठपणाने निवडल्या नाहीत आणि सरळपणाने निवडल्या, त्याने तीन मिलिमीटरचा दोष आत ठेवून दीड दशांश मिलिमीटरचा बाहेर काढला.

इथे थांबलो तर मी अर्धसत्य सांगितल्यासारखं होईल. बाक निरुपद्रवी नसतो. तो दोन वाटांनी त्रास देतो आणि दोन्ही वाटा ओळखायला हव्यात. पहिली वाट दाबाखालच्या काडीची. छत्रीची जुनी काडी दोन्ही टोकांनी दाबून पाहा. ज्या बाजूला आधीच पोट आहे त्याच बाजूला ती आणखी फुगते. बाणाचंही तसंच. नैसर्गिक बाक मुठीच्या बाजूला असेल तर पहिलं वाकणं सोपं होतं आणि बाण आपल्या मापापेक्षा मऊ असल्यासारखा वागतो. बाक उलट्या बाजूला असेल तर ताठ. म्हणजे एकच काडी, दोरीत बसणारी खाच कशी कापली त्यावर दोन स्वभाव दाखवते. दुसरी वाट जागेची. सबंध २८ इंचांत पसरलेला एक मिलिमीटरचा सौम्य बाक टोकापाशी जेमतेम तिसरा हिस्सा अंश कोन करतो, आणि जे धनुष्य पाच अंश पचवतं त्याला हे काहीच नाही. तोच एक मिलिमीटर शेपटाकडच्या शेवटच्या दहा सेंटिमीटरमध्ये एकवटला तर कोन अर्ध्या अंशाच्या पुढे जातो, शिवाय दोरी काडीच्या रेषेत न ढकलता तिरकी ढकलते, आणि ही चूक नेमक्या त्या क्षणी घडते जेव्हा सगळा जोर तिथे लागलेला असतो. म्हणून कॅरमबोर्डावर ‘टक’ ऐकू आली की मी आधी ती कुठून आली ते शोधतो. मधून आली तर काडी राहते, खाचेजवळून आली तर तापवून सरळ करायची किंवा तेवढा भाग कापून काडी आखूड करायची. आणि राहिलेल्या सर्व काड्यांचा बाक एकाच दिशेला येईल अशा खाचा कापायच्या. दिशा एक झाली की बाक दोष न राहता मोजमापाचा भाग होतो, जुळणीत सामावतो. लाकडी काडीत वाढीच्या रेषांची बाजू मुठीला लागेल अशी खाच ठेवण्याची जुनी रीत आहे. कारणाचा धागा तिथेही हाच, सगळ्या बाणांनी एकाच अंगाला एकाच प्रकारे वाकावं.

सरळपणाची खरी गरज पुढे आहे, आणि ती बाणाच्या उड्डाणापेक्षा बाण ज्या चाचणीत वापरला जातो तिच्यामुळे. धनुष्य जुळलं की नाही हे पाहण्याची सर्वांत विश्वासार्ह रीत म्हणजे बिनपिसांचा बाण मारणं. पिसं लावलेले तीन आणि न लावलेले दोन-तीन, एकाच अंतरावरून. उजव्या हाताने ओढणाऱ्याचा बिनपिसांचा बाण पिसांच्या बाणांच्या घोळक्याच्या डावीकडे पडला तर काडी ताठ, उजवीकडे पडला तर मऊ; खाली-वर पडला तर दोरीवरची जागा सरकवायची. पिसं मागून वारा धरून प्रत्येक चूक पुसत असतात, म्हणून ती काढून चूक उघडी पाडायची, हा त्यामागचा विचार. पण पिसं आणखी एक काम गुपचूप करत असतात: तिरकी बसवलेली असल्याने ती बाण फिरवतात. वाकडा बाण हवेत एका बाजूला ढकलला जातो. फिरत असेल तर ती बाजू क्षणाक्षणाला बदलते आणि ढकलणं एकमेकांना फेडून टाकतं. बिनपिसांचा बाण फिरत नाही, निदान भरवशाने फिरत नाही. त्याचा बाक त्याला एकाच बाजूला नेत राहतो. मग १८-२० मीटरवर तो वीतभर उजवीकडे पडला तर काडी मऊ आहे, की बाकाची दिशा तशी होती, हे कोण सांगणार? इथे बाण निरीक्षणाचं हत्यार झालेला असतो. वाकड्या फुटपट्टीने भिंत मोजून भिंतीला दोष देण्यासारखा प्रकार होतो: माणूस दोरी पिळतो, उंची बदलतो, टोक जड करतो, आणि सगळ्या उचापती एका काडीच्या पोटातल्या बाकावर चालू असतात. डझनभर काड्यांतल्या सगळ्यात सरळ तीन काड्या चाचणीला राखून ठेवायच्या आणि बाकीच्यांना त्यांच्या ताठपणाप्रमाणे व वजनाप्रमाणे जुळवून पिसं लावायची, एवढं केलं तरी निम्मी भांडणं मिटतात.

यावर जाणकारांचे आक्षेप आहेत, आणि ते हलके नाहीत. पहिला असा की जगज्जेते एका इंचाच्या हजारांश भागापर्यंत सरळ बाण वापरतात, मग तुमचं म्हणणं त्यांना लागू नाही का? २०२३ साली बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याच्या अदिती स्वामी आणि साताऱ्यातच सराव करणारे नागपूरचे ओजस देवतळे यांनी कंपाउंड प्रकारात वैयक्तिक सुवर्णपदकं मिळवली. तेव्हापासून महाराष्ट्रातल्या प्रत्येक आईबापांना त्याच प्रतीचे बाण हवे असतात. धोबीतलावच्या क्रीडासाहित्याच्या दुकानदारांचं यात काही बिघडत नाही. पण कंपाउंड धनुष्यात बाण मधोमध, दोरीच्या रेषेतच बसतो, आणि दोरी बोटांऐवजी यंत्राच्या खटक्याने सुटते. बाजूचा धक्का आणि मुठीचा वळसा दोन्ही जवळजवळ नाहीसे होतात. मोठ्या चुका गेल्या की लहान चुका मोठ्या दिसू लागतात, आणि तिथे दीड दशांश मिलिमीटरला किंमत येते. बांबूच्या धनुष्यावर, ‘इंडियन राउंड’ या देशी स्पर्धाप्रकारातल्या ३० आणि ५० मीटरच्या अंतरांवर, ती किंमत तेवढी नाही. तिथे तेच पैसे दुप्पट काड्या विकत घेऊन त्यांतून ताठपणाने एकसारख्या निवडण्यात जास्त सार्थकी लागतात. शिवाय महाग प्रतीचे बाण बऱ्याचदा त्याच नळीची निवडलेली भावंडं असतात. घ्यायचेच तर हे माहीत असून घ्यावेत.

दुसरा आक्षेप मला अधिक पटतो. वाकडी काडी वाकडी का झाली, हे विचारलंच पाहिजे. अॅल्युमिनियमचा बाण वाकतो आणि तसाच राहतो. सरळ करता येतो, पण पुन्हा पुन्हा सरळ केलेला धातू थकतो. कार्बन वाकून राहत नाही. तो वाकडा वाटला तर आत चीर गेलेली असण्याची भीती धरावी, दोन्ही हातांनी हलकं लववून कानाशी धरावा आणि कचकच आवाज आला तर तो पुन्हा दोरीवर चढवू नये, कारण तसा बाण सुटताना फुटून पंजात घुसतो. लाकडाची काडी काल सरळ होती आणि आज एका जागी अचानक कोन करते आहे, तर तिथे रेषा तुटली आहे. या बाबतीत ‘टक’ ऐकून काडी फेकणारा नवशिका माझ्यापेक्षा शहाणा. पण तेव्हा त्याने ती सरळ नाही म्हणून फेकलेली नसते, मोडकी म्हणून फेकलेली असते. आणि सुरुवातीपासून सौम्य बाक असलेल्या अखंड काडीला हा न्याय लावायचं कारण नाही.

तिसरी गोष्ट आक्षेप नाही, तक्रार आहे आणि ती मुंबईच्या हवेची. मे महिन्यात तापवून, डोळा मिटून, कॅरमबोर्डावर लोळवून एकसुरी केलेली बांबूची काडी जुलैत तशी राहत नाही. आगोट सुरू झाली की दादर असो की गिरगाव, भिंतीला ओल येते, मिठाची बरणी पाझरते आणि काडी एका अंगाने पाणी पिते. टांगून ठेवली तर कमी, भिंतीला तिरकी टेकवून ठेवली तर जास्त, पण हलते जरूर. लाखेचा किंवा व्हार्निशचा हात दोनदा फिरवला तर वेग मंदावतो. सरळपणालाच सर्वस्व मानणाऱ्याने या दिवसांत काय करावं? रोज शेगडीजवळ बसावं लागेल. आणि दर वेळी तापवताना काडी थोडी वाळते, थोडी करपते, ताठपणा बदलतो. सरळपणा राखण्याच्या नादात जुळणी ज्याच्यावर उभी होती तेच निसटतं. पावसात म्हणून चाचणीच्या तीन काड्यांखेरीज कशालाही आच दाखवायची नाही, असा माझा रिवाज आहे. बाकीचे बाण पिसांच्या भरवशावर सोडतो. त्यांना क्रमांक घातलेले असतात. पाचव्या क्रमांकाचा बाण सतत एकाच अंगाला पडू लागला तर त्याची प्लास्टिकची खाच कोमट करून पाव फेरा फिरवतो आणि पुन्हा मारून पाहतो. बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं.

राखलेल्या त्या तीन काड्यांचं मात्र नशीब वाईट. पिसं नसल्यामुळे त्या निशाणाच्या गठ्ठ्यात तिरक्या घुसतात, शेपूट बाजूला झोकून थांबतात, आणि टोकाच्या मागे, बोटभर अंतरावर, लाकूड आधी तिथेच तडकतं. श्रावण संपता संपता तिघींपैकी एखादीच उरते. मग उरलेल्या डझनातून पुढच्या सरळ तीन शोधायच्या, त्यांची पिसं सोलून काढायची, आणि कॅरमबोर्डावरची पावडर पुसायची.